मिठाची अफवा आणि आपली कणगी

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज चार शब्द बोलावेत असे समितीने सांगितले तेव्हा विषय आम्हीच निवडला. विषय फार मोठा तात्त्विक नाही, स्वयंपाकघरातला आहे. देशात काही उलथापालथ झाली, कुठे दंगल पेटली, लढाई सुरू झाली, सरकारने रातोरात काही निर्णय घेतला, की आपल्या घरात पहिली गोष्ट काय घडते? घरची बाई डब्याचे झाकण उघडून बघते. तांदूळ किती उरला, पीठ किती, तेल किती. मग पिशवी घेऊन कुणीतरी वाण्याकडे धावतो. तिथे आधीच दहाजण उभे असतात. त्यांना पाहून आणखी वीसजण येतात. या धावण्याबद्दल आज बोलायचं आहे. कोण धावतो, कोणाला धावता येत नाही, आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा आपण हिशेब करू.

एक अलीकडचे उदाहरण घेऊ. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद केल्याचे जाहीर केले. देशात फिरणाऱ्या नोटांच्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या दोन नोटांत होती. बँकांपुढे रांगा लागल्या. हे चालू असतानाच ११ नोव्हेंबरच्या संध्याकाळी बातमी पसरली की मीठ संपलं! उत्तर प्रदेशात, दिल्लीत, आपल्या मुंबईतसुद्धा लोक मिठासाठी दुकानावर तुटून पडले. वीस रुपयांच्या आसपासची पिशवी काही ठिकाणी दोनशेला, कुठे त्याहूनही जास्त भावाने विकली गेली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातला प्रकार.

आता बघा, खरी परिस्थिती काय होती? आपल्या देशात वर्षाला दोनशे लाख टनांहून जास्त मीठ तयार होते. खाण्यासाठी लागणारे मीठ त्याच्या निम्मेही नाही. बाकीचे कारखान्यांना जाते, परदेशी जाते. देशातले तीन-चतुर्थांशाहून जास्त मीठ एकट्या गुजरातेत पिकते. आणि मुंबईत तर भांडुप, कांजूर, मुलुंड, वडाळा ही मिठागरांची नावे कोणाला माहीत नाहीत? समुद्र आटला नव्हता, मिठागरे वाहून गेली नव्हती. तरीही त्या संध्याकाळी काही दुकानांत मीठ नव्हते, हेसुद्धा तितकेच खरे आहे. मग ते गेले कुठे?

बंधूंनो, याचे गणित अगदी सोपे आहे. आपल्याकडे माणूस दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास मीठ खातो. डॉक्टर पाचच ग्रॅम खा म्हणतात, ती गोष्ट वेगळी. पाच माणसांच्या घराला दिवसाला पन्नास ग्रॅम, म्हणजे महिन्याला दीड किलो मीठ लागले. समजा आपल्या गल्लीत शंभर घरे आहेत आणि एक वाणी आहे. त्याचे दिवसाला पाच किलो मीठ खपते. तो शहाणा असेल तर आठ दिवसांचा माल ठेवील, म्हणजे चाळीस किलो. त्या संध्याकाळी शंभरातल्या चाळीस घरांनी एकेक किलोची जादा पिशवी घेतली, तर दुकान रिकामे. दुकान रिकामे दिसले की उरलेली साठ घरे म्हणणार, बघा, बातमी खरीच होती! ती धावणार पुढच्या गल्लीत. तिथला वाणी दोन तासांत रिकामा. चाळीस घरांनी फक्त एकेक पिशवी जादा घेतली, कुणी लुटालूट केली नाही, आणि तरी अफवा स्वतःच्या पायावर उभी राहिली. इतर खोट्या गोष्टी खऱ्या ठरत नाहीत. टंचाईची खोटी बातमी मात्र लोकांनी खरी मानली की खरी होते, निदान त्या संध्याकाळपुरती. हा तिचा विशेष आहे, म्हणून ती सर्वांत घातक.

आता काही सुशिक्षित मंडळी म्हणतील, लोक अडाणी आहेत, कशावरही विश्वास ठेवतात. आम्हाला हे मान्य नाही. लोक मूर्ख आहेत म्हणून घाबरत नाहीत, तर त्यांना अनुभव आलेला असतो म्हणून घाबरतात. विचार करा, तीन दिवसांपूर्वी ज्याच्या खिशातली नोट एका रात्रीत कागद झाली, त्याला चौथ्या दिवशी मीठही जाईल असे वाटले तर त्यात त्याचा काय दोष? काळजीचे कारण नाही असे वरून सांगत होते, आणि खाली पैसे काढायच्या यंत्रावर पैसे संपल्याची पाटी लटकत होती. म्हणजे टंचाई आधी विश्वासाची झाली, मग मिठाची झाली. ज्या राज्यकर्त्यांना अफवा नको असतील त्यांनी आधी खरे बोलावे आणि वेळेवर बोलावे. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी चार दिवस लढाई झाली तेव्हा सरहद्दीकडच्या भागात लोकांनी किराण्याच्या आणि पेट्रोलच्या रांगा लावल्या. चंदिगडच्या प्रशासनाने साठेबाजीवर बंदीचा हुकूम काढला, केंद्रीय अन्नमंत्री प्रल्हाद जोशी यांनी धान्याचा साठा भरपूर असल्याचे जाहीर केले. असे तातडीने सांगणे योग्यच. पण नुसत्या सांगण्याने लोक ऐकत नाहीत. दुकानात माल दिसला की ऐकतात.

पण आम्हाला आज दुसऱ्याच माणसाबद्दल बोलायचं आहे. जो रांगेत उभाच राहू शकत नाही त्याच्याबद्दल. आम्ही गिरणीत कामगार. गिरणीत कायम कामगार असायचा आणि बदली कामगार असायचा. कायमवाल्याला पगाराची तारीख ठाऊक, त्याला वाणी महिनाभर उधार देई. बदलीवाला रोज गेटवर उभा राहायचा. भोंगा झाला, आणि खात्यात कोणी गैरहजर असेल तर त्याला काम, नाहीतर घरी परत. त्याची बायको रोजचे पीठ रोज आणायची. आता सांगा, अशा घराने पंधरा दिवसांचे मीठ-तेल भरून ठेवायचे म्हणजे कशाने? आज गिरण्या गेल्या, पण बदलीवाला गेला नाही. तो आता नाक्यावर उभा असतो, कंत्राटदाराकडे असतो, दुचाकीवरून लोकांच्या घरी जेवण पोचवतो. हातावर पोट. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये दंगल झाली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्यात ९०० माणसे मेली. संचारबंदी थोडा वेळ उठली की लोक दूध-भाजीला धावत. पण ज्याचा रोज आठ दिवस बुडाला होता, त्याच्यासाठी संचारबंदी उठली काय आणि राहिली काय! बाजार उघडा होता, खिसा बंद होता.

ही गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली तेव्हा काय झाले, ते इतिहासात लिहिलेले आहे. दुसरे महायुद्ध चालू होते. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रज सरकारने बंगालच्या किनाऱ्यावरच्या, दहापेक्षा जास्त माणसे नेणाऱ्या होड्या काढून घेतल्या. ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची चळवळ पेटली. ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरला मोठे वादळ झाले. डिसेंबरमध्ये कलकत्त्यावर बाँब पडले आणि धान्याची दुकाने बंद झाली. जो तो तांदूळ धरून बसला. शेतकऱ्याने धरला, व्यापाऱ्याने धरला, सरकारने लष्करासाठी आणि शहरासाठी घेतला. ११ डिसेंबर १९४२ ला कलकत्त्यात तांदळाचा ठोक भाव मणाला तेरा-चौदा रुपये होता. २० ऑगस्ट १९४३ ला तो सदतीस रुपये झाला. मजुरी काही तिप्पट झाली नाही.

त्यानंतर जे झाले ते सांगताना अंगावर काटा येतो. सरकारने नेमलेल्या वुडहेड आयोगाने १९४५ मध्ये मेलेल्यांचा आकडा पंधरा लाख दिला. पुढच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. हे मेले कोण? शेतमजूर, कोळी, होडीवाले, भात सडणाऱ्या बायका, न्हावी, कारागीर. भाव चढला की लोक आधी हजामत पुढे ढकलतात, म्हणजे न्हाव्याच्या घरची चूल विझते. कलकत्त्याच्या गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांना मालकांमार्फत स्वस्त धान्य मिळत होते, कारण लढाईसाठी कारखाने चालू राहायला हवे होते. म्हणजे आमच्यासारखा गिरणी कामगार तगला, आणि खेड्यातला भूमिहीन माणूस त्याच शहराच्या फुटपाथवर येऊन मेला. जून १९४३ मध्ये बंगाल सरकारने घराघरांतले साठे शोधण्याची मोहीम काढली. खेडोपाडी काढली बरं का! कलकत्ता आणि हावडा मात्र तिच्यातून वगळले.

अमर्त्य सेन हे त्या वेळी नऊ-दहा वर्षांचे होते. त्यांनी ते भुकेले लोक डोळ्यांनी पाहिले. पुढे अर्थशास्त्रज्ञ झाल्यावर १९८१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी आकडे मांडून दाखवले की १९४३ मध्ये बंगालमध्ये धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते. मग माणसे का मेली? धान्य होते, पण ते मिळवण्याची ऐपत आणि हक्क त्या माणसांकडे उरला नव्हता. काही अभ्यासकांनी त्यांच्या आकड्यांवर वाद घातला आहे, पण मुख्य मुद्दा टिकून आहे.

आयाबायांनो, हा मुद्दा समजायला आपल्याला जाड पुस्तक कशाला हवे? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे काय कोरडे होते? तळे भरलेले होते. टंचाई पाण्याची नव्हती, हक्काची होती. भरलेल्या तळ्याकाठी तहानलेले राहणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना माहीत होते. पाटलाच्या वाड्यात पेवे भरलेली असत, कुणब्याच्या घरी कणगी असे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या घरात कणगी नव्हतीच. दारोदार फिरून मिळालेली भाकर हाच साठा, आणि तो रात्रीपर्यंत संपायचा. म्हणून आज आपल्या पोरांच्या घरी गव्हाची कोठी भरलेली दिसली की आम्हाला आनंदच होतो. कुणी गैरसमज करून घेऊ नये, साठवण करणे वाईट असे आम्ही म्हणत नाही.

मग फरक कोणता? साठवण वेगळी, धास्तीचा साठा वेगळा आणि साठेबाजी वेगळी. आपल्या बाया उन्हाळ्यात गहू-ज्वारी घेतात, ऊन दाखवतात, कडुनिंबाचा पाला घालून कोठी भरतात, पापड-कुरडया करतात. हंगामात माल भरपूर असतो, भाव उतरलेला असतो, तेव्हा घेतल्याने कुणाच्या तोंडचा घास जात नाही. उलट पावसाळ्यात तेवढी घरे बाजारात येत नाहीत, म्हणून दुसऱ्याला सोपे जाते. ही साठवण. बातमी ऐकून रात्री नऊ वाजता दहा किलो मीठ उचलणे, हा धास्तीचा साठा. हे मीठ सहा-सात महिने पुरते, ओलीने त्याला पाणी सुटते, आणि शेजारणीची आमटी त्या रात्री अळणी राहते. आणि या दोघांच्या भीतीवर गोदाम भरून भाव चढायची वाट पाहणे, ही साठेबाजी. तिच्यासाठी १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे. काळ्या बाजाराविरुद्ध १९८० चा कायदा आहे. पण धास्तीचा साठा करणारा माणूस साठेबाजाचा सर्वांत चांगला गिऱ्हाईक असतो, हे लक्षात ठेवा. आपण धावलो नाही तर त्याचा माल गोदामातच पडून राहील.

१९७२ साली राज्यात दुष्काळ आणि महागाई एकदम आली. तेव्हा मुंबईच्या बायकांनी काय केले? नुसते डबे भरत बसल्या नाहीत. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्यासारख्या बायकांच्या पुढाकाराने महागाईविरोधी समिती झाली आणि हजारो बाया हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. पक्ष वेगवेगळे, मोर्चा एक. ज्या लाटण्याने भाकरी-पोळीचा प्रश्न घरात सुटतो, तेच लाटणे त्यांनी चव्हाट्यावर आणले. घाबरलेली बाई एकटी दुकानात गेली तर पिशवी घेऊन येते. शंभरजणी मिळून गेल्या तर भाव विचारतात.

म्हणून आता नुसते भाषण नको, आपण काय करायचं ते बोलू.

पहिली गोष्ट. अमुक संपलं, तमुक बंद होणार, असा निरोप मोबाइलवर आला की तो पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न विचारा. कोणी सांगितले? त्याला कसे कळले? आणि आपल्या वाण्याकडे, रेशन दुकानावर माल आला की नाही? केवळ ऐकीव आहे म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा, ही शिकवण भगवान बुद्धांनी कालामांना दिली. ती वंदनेपुरती ठेवायची नाही. अफवेच्या रात्री तिचा खरा उपयोग आहे.

दुसरी गोष्ट. प्रत्येक घराने झेपेल तेवढी आठ-पंधरा दिवसांची शिदोरी शांत दिवसांत जमवावी. महिन्याच्या वाणसामानात एकेक वस्तू थोडी जास्त घ्यावी, जुने आधी वापरावे, नवे मागे ठेवावे. म्हणजे गडबड झाली तर तुम्हाला रांगेत जावेच लागणार नाही, आणि ती जागा गरजवंताला मिळेल. पेट्रोल, रॉकेल घरात भरून ठेवू नका. दहा बाय बाराच्या खोलीत ते मरणाचे सामान आहे.

तिसरी गोष्ट रेशनची. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला आहे. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळते. ही भीक नव्हे, कायदा आहे. याच कायद्यात प्रत्येक रेशन दुकानावर दक्षता समिती नेमण्याची तरतूद आहे. आपल्या दुकानाची समिती कोण, ती बसते कधी, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? धान्य मिळालेच नाही तर त्याऐवजी भत्ता मागण्याचाही हक्क या कायद्यात आहे. ज्यांची कार्डे नाहीत, ज्यांची नावे गळाली आहेत, त्यांची यादी तरुण मंडळींनी करावी. बंगालमध्ये ज्यांचे नाव कुठल्याच यादीत नव्हते ते मेले, हे विसरू नका.

चौथी आणि शेवटची गोष्ट, आणि तिच्यासाठीच आम्ही आज उभे राहिलो. विहारात एक कणगी ठेवूया. पत्र्याची कोठी म्हणा हवे तर. ऐंशी घरांनी महिन्याला अर्धा-अर्धा किलो तांदूळ दिला तर चाळीस किलो होतो. तीन महिन्यांत एकशे वीस किलो. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो धरले, तर बारा घरांची पाच दिवसांची चूल त्यात पेटते. संकटाचे पहिले पाच दिवसच सगळ्यांत वाईट असतात. वही ठेवावी, दोन बाया आणि एक तरुण यांच्याकडे हिशेब द्यावा, दर तीन महिन्यांनी जुना तांदूळ वापरून नवा भरावा, नाहीतर सोंडे पडतील. कोणाला दिला ते नाव फळ्यावर लिहू नये. घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये. आपल्या वाण्यालाही बोलावून घ्यावे. गडबडीच्या दिवशी एका घराला एकच पिशवी, आणि भाव कालचाच, एवढे त्याने कबूल करावे. तोही आपल्यातलाच माणूस आहे, दुकान फुटण्यापेक्षा त्यालाही हे परवडेल.

काहीजण म्हणतील, ज्याने त्याने आपापले बघावे. ठीक आहे. पण आपापले बघणाऱ्या शंभर घरांच्या गल्लीत मीठ एका संध्याकाळी संपते, हे गणित आपण आताच केले. एकमेकांचे बघणाऱ्या शंभर घरांत तेच चाळीस किलो मीठ आठ दिवस पुरते. मीठ तेवढेच, वाणी तोच, गल्ली तीच.

राजकारणाच्या उलथापालथी पुढेही होतील. त्या आपल्या हातात नाहीत. पण त्या रात्री आपल्या वस्तीत कोणाची चूल थंड राहील की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. शांत दिवस आहेत तोवरच हे काम करायचं. येत्या रविवारी वंदनेनंतर समितीने यासाठी बैठक घ्यावी, अशी आमची विनंती आहे. येताना प्रत्येक घराने अर्धा किलो तांदूळ आणावा. कोठी आम्ही आणतो.

एवढे बोलून आम्ही आमचे भाषण संपवतो. जय भीम, जय भारत!